पावकी, दशांश आणि उरलेले पैसे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपले भवितव्य’ हा विषय सुचवला होता. मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली सापडतात. माझं पोट ज्या गणितावर चालतं ते आपल्याला पाचवी-सहावीतच शिकवून झालं होतं, मी त्यावर बोलते. अपूर्णांक आणि दशांश. वीस वर्षांहून अधिक काळ मी पगाराची, बिलांची, हिशेबांची सॉफ्टवेअर लिहिते आहे. या काळात अवघड गणितावरून झालेली भांडणं मी फारशी पाहिली नाहीत. बहुतेक भांडणं दशांश चिन्हाच्या उजवीकडच्या दोन आकड्यांवरूनच झाली. म्हणून आज तेवढंच बोलायचं आहे. पाढे म्हणायला लावणार नाही, घाबरू नका.

सुरुवात पाढ्यांपासूनच करते. आपल्यापैकी जे वयाने मोठे आहेत त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केलेली असेल. आमच्या पिढीपर्यंत ते पाठांतर येईतो बरंच सुटलं होतं. घरात आजी-आजोबा म्हणायचे, तेवढं कानावर पडलं. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा. औटकी म्हणजे साडेतीनचा. हा ‘औट’ शब्द संस्कृतातल्या ‘अर्धचतुर्थ’वरून आला, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. ‘अडीच’ही तसाच, दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. आमच्या कंपनीत जर्मन लोकांबरोबर काम चालतं. ते साडेतीन वाजले असतील तर ‘अर्धे चार’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो. मला औटकी माहीत होती, म्हणून ते लगेच कळलं.

साडेतीन हा तर आपला घरचाच आकडा आहे. मुहूर्त साडेतीन. देवीची पीठं साडेतीन, आणि त्यांतलं एक पूर्ण पीठ इथून तासाभराच्या अंतरावर तुळजापूरला. जे शाळेत कधी गेले नाहीत त्यांनाही साडेतीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

आपल्या सोलापूरची आणखी एक गंमत सांगते. आपल्या वर्गात घरी मराठी बोलणारे होते, तेलुगू बोलणारे होते, कानडी बोलणारे होते. तीन चतुर्थांशाला मराठीत पाऊण म्हणतात. हा शब्द ‘पादोन’वरून आला, म्हणजे पावाने कमी. कानडीत त्यालाच ‘मुक्कालु’ म्हणतात आणि तेलुगूत ‘मुप्पावु’. या दोन्हींचा अर्थ तीन पाव. म्हणजे मराठी माणूस वरून खाली बघतो, एकाला किती कमी आहे ते सांगतो. तेलुगू आणि कानडी माणूस खालून वर मोजत जातो, किती पाव जमले ते सांगतो. आकडा तोच. एकाच बाकावर बसून आपण तो दोन्ही बाजूंनी शिकलो, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या दोन्ही रीती तोंडी हिशेबाला फार उपयोगी पडतात. समजा, तांदूळ ६४ रुपये किलो आहे आणि तुम्हाला पावणेदोन किलो हवा आहे. आजचा मुलगा मोबाइल काढून ६४ गुणिले १.७५ करतो. जुनी बाई काय करायची? दोन किलोचे १२८, त्यातून पावाचे १६ वजा, ११२ द्या. उत्तर एकच. फरक एवढाच की मोबाइलवर दशांश चिन्ह चुकून पुढे-मागे पडलं तर त्या मुलाला ते कळत नाही. ६४ गुणिले १७.५ झालं आणि ११२० आले, तरी तो दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहतो. त्या बाईचा असा घोटाळा होऊच शकत नाही, कारण दोन किलोला किती पडतात हे तिला आधीच माहीत असतं.

आपल्या बॅचमधल्या कितीतरी जणींच्या आया बिड्या वळायच्या. सूप मांडीवर घेऊन हात चालू आणि बोलणंही चालू. मजुरी हजार बिड्यांवर मिळायची. समजा दर हजारी ४० रुपये आहे आणि साडेआठशे बिड्या झाल्या. आमच्या वाड्यातली एक मावशी, जिला सहीसुद्धा येत नव्हती, असा हिशेब करायची: अर्ध्या हजाराचे वीस, पाव हजाराचे दहा, वरच्या शंभराचे चार, झाले चौतीस. इंजिनिअर झाल्यावर मला कळलं की ती ०.८५ चे तुकडे पाडत होती. अर्धा, पाव आणि एक दशांश. तिच्याकडे कागद नव्हता, पण कारखान्यातून किती यायला हवेत हे तिला घरातून निघतानाच ठाऊक असायचं. बिड्या बाद व्हायच्या त्यांचाही हिशेब ती तसाच ठेवायची. हजारातल्या पन्नास बाद झाल्या की म्हणायची, विसातली एक गेली.

म्हणजे दशांश वाईट आणि अपूर्णांक चांगले, असं मला म्हणायचं आहे का? तसं नाही. दशांश नसते तर माझा धंदाच नसता. तीन अष्टमांश मोठे की दोन पंचमांश, हे पटकन सांगता येत नाही. ०.३७५ आणि ०.४०० असं लिहिलं की लहान मूलही सांगतं. दशांशाचा मोठा गुण म्हणजे तुलना सोपी होते आणि बेरीज-वजाबाकी पूर्ण संख्यांसारखीच करता येते. युरोपात दशांशांचा आग्रह धरणारी सायमन स्टेव्हिन या अभियंत्याची छोटी पुस्तिका १५८५ मध्ये निघाली. ती त्याने कुणासाठी लिहिली होती? खगोल पाहणारे, जमीन मोजणारे, व्यापारी आणि कापड मोजणारे यांच्यासाठी. कापड मोजणारे म्हणजे आपलीच मंडळी म्हणायची.

पण दशांश वाचताना एक सवय मोडावी लागते. ०.२५ हे ‘शून्य पॉइंट पंचवीस’ असं वाचलं की मुलाला ते ०.३ पेक्षा मोठं वाटतं, कारण पंचवीस तीनपेक्षा मोठे. म्हणून आमच्या बाई ‘शून्य दशांश दोन पाच’ असंच म्हणायला लावायच्या. आणि टिंब दिसलं म्हणजे दशांश असतोच असंही नाही. क्रिकेटमध्ये १९.३ षटकं म्हणजे साडेएकोणीस षटकं, कारण षटकात चेंडू सहा. घड्याळात १.३० म्हणजे दीड वाजले, पण कामाच्या तासांच्या नोंदीत दीड तास लिहायचा तर १.५ लिहावा लागतो. हजेरीच्या संगणकात ८.४५ आणि पावणेनऊ तास एकच समजले, तर अठरा मिनिटांचा फरक पडतो. कारण ८.४५ तास म्हणजे आठ तास सत्तावीस मिनिटं. हे भांडण मी एकदा नाही, चारदा पाहिलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अपूर्णांकातून दशांशात जाताना, किंवा मोठ्या नाण्यातून लहान नाण्यात जाताना, बहुतेक वेळा थोडंसं काहीतरी उरतं. ते उरलेलं कुठे जातं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्या देशाने हा प्रयोग एकदा सर्वांनी मिळून केला आहे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. नव्या पद्धतीत रुपयाचे १०० नवे पैसे. मग एक आणा म्हणजे किती? १०० भागिले १६, म्हणजे सव्वासहा. सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणायचं? म्हणून नियम असा केला की जवळच्या पूर्ण पैशापर्यंत धरायचं आणि बरोबर मध्यावर आलं तर खालचा आकडा घ्यायचा. त्यामुळे एका आण्याचे ६ पैसे झाले, दोन आण्यांचे साडेबारा न धरता १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५.

आता गंमत बघा. चार आणे एकदम बदलून घेतले तर २५ पैसे. तेच एकेक आणा करून चार वेळा बदलले तर ६ चोक २४. रुपयाची एकेक आण्याने सोळा वेळा देवघेव झाली तर ९६ पैसे होतात आणि चार पैसे हवेत विरतात. ज्याच्या हातात रुपया होता त्याचं काही गेलं नाही. ज्याचा व्यवहार आण्या-आण्याचा होता, त्याच्या बाबतीत प्रत्येक वेळी पाव पैसा इकडचा तिकडे झाला. कधी त्याच्या फायद्याचा, कधी तोट्याचा, पण झाला तो त्याच्याच बाबतीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. छोट्या आकड्यांत व्यवहार करणाऱ्याला ‘जवळचा पूर्ण आकडा’ नेहमी जास्त जाणवतो.

आणे गेले, पण भाषेतून गेले नाहीत. आपण अजून ‘सोळा आणे खरं’ म्हणतो. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी ते रूप बदलून राहिले आहेत. पीक किती आलं हे पूर्वी आणेवारीने सांगायचे, आता पैसेवारीने सांगतात. ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी गावाच्या पिकाची तुलना करायची आणि पैशांत आकडा द्यायचा. पूर्वी सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आता शंभर पैसे. ५० पैशांपेक्षा कमी आली की टंचाईची परिस्थिती मानण्याची आपल्या महाराष्ट्रातली रीत. गावाची पैसेवारी ४९ लागली की ५१, यावर किती घरांचं वर्ष अवलंबून असतं हे इथे बसलेल्या शेतकरी बंधूंना मी सांगायला नको. तिथे तो दोन पैशांचा फरक कुणी ‘किरकोळ’ म्हणत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. संगणकाला दशांश येत नाहीत, असं मी म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. पण सर्वसाधारण संगणक आतून दोनच्या पटीत मोजतो. म्हणजे त्याच्याकडची वजनं अशी समजा: एक किलो, त्याच्या निम्मं अर्धा किलो, त्याच्या निम्मं पाव किलो, मग १२५ ग्रॅम, मग साडेबासष्ट ग्रॅम, आणि असंच निम्मं-निम्मं करत खाली. दुसरी वजनं नाहीतच. आता या तराजूवर त्याला १०० ग्रॅम शेंगाचटणी मोजून द्या म्हणा. तो ६२.५ ठेवेल, त्यावर ३१.२५ ठेवेल, झाले ९३.७५. पुढची दोन वजनं जास्त होतात म्हणून सोडेल. मग ३.९ च्या आसपासचं एक ठेवेल, मग त्याच्या निम्मं ठेवेल आणि ९९.६ पर्यंत येईल. पुढे कितीही बारीक वजनं घेतली तरी बरोबर १०० कधीच होणार नाही. जितकी वजनं त्याच्याजवळ आहेत तितकी वापरून तो थांबतो आणि ‘हे घ्या १०० ग्रॅम’ म्हणतो. म्हणूनच अनेक संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून सगळी स्थानं छापली, तर ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं येतात आणि सतराव्या स्थानावर एक ४ उगवतो.

याच तराजूवर पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि औट हे सगळे अगदी तंतोतंत बसतात. आणासुद्धा बसतो, कारण तो सोळावा हिस्सा. जुना पैसाही बसतो, कारण तो चौसष्टावा. पै मात्र बसत नाही, तिच्यात तीनने भागायचं असतं. आणि आपला आजचा पैसा, रुपयाचा शंभरावा भाग, तोही बसत नाही. अपवाद फक्त २५, ५० आणि ७५ पैशांचा, म्हणजे पुन्हा पाव, निम आणि पाऊण. आजोबांचा हिशेब आजच्या यंत्राला आपल्या हिशेबापेक्षा सोपा गेला असता.

सतराव्या स्थानाने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. एकदाच झालं तर काही नाही. पुन्हापुन्हा झालं तर बिघडतं. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे क्षेपणास्त्र अडवणारी एक यंत्रणा होती. ती वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची आणि तो दहावा भाग २४ बिटांत छाटून ठेवलेला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास न थांबता चालली आणि तो बारीक फरक साचत साचत एक तृतीयांश सेकंदाएवढा झाला. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. २५ फेब्रुवारीला ते अडवलं गेलं नाही आणि अठ्ठावीस सैनिक मेले.

दुसरं उदाहरण पैशाचं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढायचा आणि तिसऱ्या दशांशस्थळापुढचं छाटून टाकायचं, जवळच्या आकड्याला न्यायचं नाही. दिवसात हजारो वेळा छाटणी. बाजार बरा चालला असतानाही नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ पर्यंत घसरला. चूक लक्षात आल्यावर पुन्हा हिशेब केला, तेव्हा तो १०९८ निघाला. प्रत्येक वेळी एक हजारांशापेक्षाही कमी टाकून दिलं, आणि अर्धा बाजार नाहीसा झाला.

या दोन गोष्टी नवख्या अभियंत्यांना सांगण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मी मात्र त्यांना तिसरी सांगते, कारण ती आपल्या घराजवळची आहे. काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाच्या मजुरीच्या प्रणालीचं काम आमच्याकडे आलं. नगावर मजुरी, कामगार बहुतेक बायका. मागणीपत्रात एक ओळ होती: रोजची मजुरी काढावी, वरचे पैसे सोडून द्यावेत. कुणाच्या मनात पाप नव्हतं. जुन्या वहीत तसंच चालत आलं होतं, कारण हातात सुटे पैसे देता येत नसत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी तर जून २०११ अखेर चलनातूनच गेली.

मी एक छोटा तक्ता केला. एखाद्या बाईची आजची मजुरी १८२ रुपये ७० पैसे झाली तर तिला १८२ मिळणार. उद्या १७५ रुपये २० पैसे झाली तर १७५. रोज कधी जास्त, कधी कमी, सरासरी पन्नास पैसे सुटतात असं धरू. महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे १३ रुपये. एका बाईला १३ रुपयांचं काय, असं वाटतं. पण दोन हजार बायका असतील तर महिन्याला २६ हजार आणि वर्षाला तीन लाख बारा हजार. हे पैसे कुणी चोरले नाहीत. ते फक्त रोज एकाच दिशेने गेले.

तो तक्ता बैठकीत ठेवला. त्यांच्या हिशेबनिसाने चष्मा काढून दोनदा पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, हे उलट बाजूने कुणी कधी विचारलंच नव्हतं.” मग ठरलं की रोजचे पैसे जसेच्या तसे साठवायचे, महिन्याअखेर एकदाच पूर्ण रुपया करायचा आणि उरलेले पैसे ‘मागील बाकी’ म्हणून पुढच्या महिन्यात ओढायचे. काम अर्ध्या दिवसाचं. तेव्हापासून पगाराच्या चिठ्ठीवर ‘मागील बाकी ४५ पैसे’ अशी एक ओळ छापून येते. खर्च एवढाच.

आता तुमच्या रोजच्या व्यवहारातली दोन उदाहरणं देते. हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी असतो, तो अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत येतो. बिल ३७३ रुपयांचं असेल तर पाच टक्के होतात १८ रुपये ६५ पैसे. पण अडीच टक्के वेगळे काढले तर ९.३२५ येतात, ते झाले ९.३३, आणि दोन्ही मिळून १८.६६. एक पैसा जास्त. कुणी फसवलं का? नाही. छाटणी एकदा करण्याऐवजी दोनदा केली. एका पैशासाठी भांडू नका, पण तो कुठून आला हे मुलांना जरूर विचारा. त्यांना पुस्तकातल्या दहा गणितांपेक्षा त्यात जास्त मजा येईल.

दुसरं सोन्याचं. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ असा आकडा असतो. तो काय आहे? शुद्ध सोनं २४ कॅरेट, म्हणून २२ भागिले २४. उत्तर ०.९१६६६... असं न संपणारं. तिथून तीन आकडे घेतले आणि ९१६ लिहिलं. १८ कॅरेटला ७५० असतं, तिथे काही उरत नाही, कारण १८ भागिले २४ म्हणजे आपलं पाऊण. हॉलमार्कच्या छापात पाऊणकी बसली आहे हे पुढच्या वेळी सराफाच्या दुकानात आठवा.

आपण सगळे आता चाळिशी-पन्नाशीतले. कुणी दुकान चालवतं, कुणाचे यंत्रमाग आहेत, कुणी सरकारी कचेरीत, कुणी शिक्षक, कुणी दवाखान्यात. हिशेब सगळ्यांकडेच आहे. म्हणून तीन सवयी सांगते, ज्या मी आमच्या नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात लावते.

पहिली, आधी पावकीने अंदाज करा, मग यंत्राला विचारा. उत्तर शंभरच्या आसपास यायला हवं की हजारच्या, एवढं डोक्यात असलं तरी दशांश चिन्हाच्या निम्म्याहून जास्त चुका तिथेच पकडल्या जातात.

दुसरी, छाटणी शेवटी आणि एकदाच करा. मधल्या पायऱ्यांवर पूर्ण आकडा ठेवा. आम्ही तर पैशाच्या हिशेबात दशांश चिन्हच ठेवत नाही. सगळी रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत साठवतो, आणि दाखवताना फक्त टिंब देतो.

तिसरी, उरलेलं कुणाचं हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. शंभर रुपये तिघांत वाटले तर ३३.३३ प्रमाणे ९९.९९ होतात. तो एक पैसा कुणाला द्यायचा याचा नियम हवा. कोणताही चालेल, पण सगळ्यांना माहीत असलेला हवा. तो प्रत्येक वेळी मोठ्या खिशाकडेच जात असेल, तर त्याला वाटणी म्हणता येत नाही.

शेवटी शाळेला एक विनंती करते. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी महिन्यातून एका शनिवारी एक तास ठेवावा. त्यात पुस्तक नको. खरी बिलं आणावीत, विजेचं, किराण्याचं, दवाखान्याचं. आईच्या मजुरीची चिठ्ठी आणावी. मुलांनी त्यावर हिशेब करावा आणि उरलेले पैसे कुठे गेले ते शोधावं. पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून दाखवायला आजी-आजोबांना बोलवावं, आणि तेलुगू-कानडी घरातल्या आज्यांनाही बोलवावं. त्यांनी मुप्पावु आणि मुक्कालु सांगावं. माझ्या सुट्टीच्या दिवसांत येऊन असे तास घ्यायला मी तयार आहे, आणि आपल्या बॅचमधून आणखी दोघा-तिघांनी नावं द्यावीत. मुख्याध्यापकांनी तारीख कळवावी, पुण्याहून सकाळची गाडी मला सोयीची पडते.